मावठ्यानंतर पिवळी पानं: खत थांबवा

ताई, पिटुनियाची पानं पिवळी पडली म्हणून खत घालू का, असं विचारलंत. कृपा करून आत्ता घालू नका. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. वसंत पंचमीच्या आसपास पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात पाऊस आणणारी हवामान प्रणाली) आला की इथे दोन-तीन दिवस गार पाऊस, वर धुकं. ऊन नाही, त्यामुळे कुंडी वाळत नाही, चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती अन्न घेईनाशी होतात. पिवळेपणा त्याचा. त्यात युरिया पडला तर नंतर लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा ही रस शोषणारी बारीक कीड हमखास बसते.

कुंडीखालची ताटली आजच काढा. कुंडी दोन विटांवर ठेवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागेपर्यंत पाणी नाही. गेल्या वर्षी माझे तीन डेलिया असेच गेले. वरून टवटवीत, खाली कंदाचा लगदा. आईने वर्षानुवर्षं जपलेले कंद होते, अजून हळहळ वाटते.

गुलाबावर काळे ठिपके दिसले तर ती पानं तोडून लांब टाका, कुंडीत पडू देऊ नका. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बुरशी वर चढते. भिजून चिकटलेली फुलंही खुडा. आभाळ निवळल्यावर सकाळी १ लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन थेंब घालून फवारा.

नवी पालवी दिसली की मग शेणखताचं पातळ पाणी द्या.