कापूस खरेदीच्या अ‍ॅपमधून एकच पावती दोनदा जाते

पऱ्हाटीवाला:
राळेगाव तालुक्यातल्या गावांत अँड्रॉइड अ‍ॅप चालतं. काट्यावर वजन झालं की खातेक्रमांक, क्विंटल आणि भाव एचटीटीपी पोस्ट विनंतीने सर्व्हरला जातात. त्यासाठी रेट्रोफिट आणि ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररी वापरल्या आहेत. रेंज गेली की टाइमआउट येतो, काट्यावरचा माणूस परत 'पाठवा' दाबतो आणि दोन पावत्या बनतात. रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) 10 चा 60 सेकंद केला, तरी दुबार नोंदी येतातच. काय करावं?

वर्धाकाठ:
भाऊ, टाइमआउट वाढवून हे सुटणार नाही. टाइमआउट म्हणजे फोनला उत्तर मिळालं नाही, एवढंच. नोंद तोवर डेटाबेसमध्ये बसलेली असू शकते. म्हणून नोंदीची ओळख फोननेच ठरवायची. वजन जतन होतानाच यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक) तयार करून रूममध्ये (फोनमधल्या डेटाबेसमध्ये) ठेवा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा. पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये बनवला तर दर वेळी नवा होईल, मग उपयोग शून्य.

सर्व्हरवर यूयूआयडीच्या कॉलमला युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा) हवाच. 'आधी शोधा, नसेल तर टाका' यावर विसंबू नका. दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही नोंद दिसत नाही. सरळ इन्सर्ट करा, इंडेक्स अडला तर जुनीच पावती 200 (यशस्वी) या कोडसोबत परत द्या.

काळीमाती:
बटणाने फक्त रूममध्ये लिहावं, पाठवणं वर्कमॅनेजरकडे (अँड्रॉइडमध्ये मागे कामं चालवणारी लायब्ररी) द्या. नेटवर्क कनेक्टेडची अट घाला, पण तेवढ्यावर राहू नका: टॉवर दिसतो आणि डेटा सरकत नाही, असं आपल्याकडे नेहमीचंच. 5xx (सर्व्हरची चूक) आणि आयओ एक्सेप्शनला (नेटवर्क तुटणं) रिट्राय, 400 किंवा 422 ला (पाठवलेली माहितीच चुकीची) फेल्युअर. नाहीतर चुकीची नोंद फिरतच राहते. बॅकऑफ (दोन प्रयत्नांमधला थांबा) 30 सेकंदांपासून दुप्पट होत 5 तासांपर्यंत जातो. त्यामुळे अ‍ॅप उघडताच युनिक वर्क (एका नावाचं एकच काम) 'रिप्लेस'ने, म्हणजे जुनं काढून, पुन्हा लावा. यूयूआयडी असल्याने दुबारची भीती नाही.

पऱ्हाटीवाला:
जुन्या नोंदींना यूयूआयडी नाही. इंडेक्स बसेल का?

वर्धाकाठ:
कॉलम नलेबल (रिकामा म्हणजे नल चालेल असा) ठेवा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालवतात. एसक्यूएल सर्व्हर एकच चालवतो, तिथे फिल्टर्ड इंडेक्स (नल वगळून लावलेला) लागेल.

जुन्या दुबार पावत्या मात्र नाव आणि वजन जुळलं म्हणून क्वेरीने उडवू नका. एकाच शेतकऱ्याच्या दोन बंड्या (बैलगाड्या) सारख्याच भरू शकतात, त्याचे पैसे बुडतील. काट्याच्या चिठ्ठीशी एकेक ताडूनच रद्द करा.