पुढच्या साथीची तयारी: आधी आशा ताईंना पगार द्या

रामबागची_लेक
साथीची तयारी म्हटली की ऑक्सिजन आणि खाटांचा हिशोब सुरू होतो, माणसांचं कोणी बोलत नाही. १ एप्रिल २०२० ला इथेच, इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये, कोरोनाच्या तपासणी पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर गेल्या. त्याच महिन्यात हल्लेखोरांना शिक्षेचा अध्यादेश निघाला. चांगलं झालं.
पण साथ नसताना काय? आमच्या गल्लीतली आशा, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, कूलर उपडे करायला लावते, टाकीत टॉर्च मारून अळ्या बघते, गरोदर बायकांची माहिती वहीत लिहून तीच पुन्हा मोबाइलवर भरते. तिला पगार नाही. कामागणिक पैसे मिळतात, वर थोडा ठराविक मोबदला; २०१८ मध्ये केंद्राने तो महिना हजाराचा दोन हजार केला. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, पण त्यावर किराणा येत नाही. त्यांना पगार, रजा आणि विमा हवा.

मालव्याचे_अण्णा
ताई, कळकळ पोचली, मागणी पटली नाही. २००५ मध्ये आशा नेमल्या त्या वस्तीतल्या बाईने वस्तीचं बघावं म्हणून. सरकारी नोकर झाली की तिचं लक्ष साहेबाकडे. खरी उणीव वर आहे. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं संचालनालय आहे, १९३९ पासूनचा कायदा आहे. सार्वजनिक आरोग्याच्याच अधिकाऱ्यांचा असा वेगळा संवर्ग राज्यांनी उभारावा, असं २०१७ चं राष्ट्रीय धोरणही सांगतं. सर्जनला फायलींवर सह्या करायला बसवून साथ आटोक्यात येत नाही. पैसा तिथे लावा.

रामबागची_लेक
अण्णा, संवर्ग हवाच. पण त्या अधिकाऱ्याला आकडे कोण देणार? ज्या कामाचे पैसे, तेच काम वहीत चढतं. घरोघरचा साधा ताप मोजायचे पैसे नसतील तर तो मोजला जात नाही, आणि साथ सुरू होते ती तिथूनच.

निवृत्त_एएनएम
प्रशिक्षणाचंही बोला. सभागृहात बसवायचं, सही घ्यायची, चहा पाजायचा, झालं. पीपीई किट घालायला शिकवलं, काढायला कोणी शिकवलं नाही; संसर्गाचा धोका तर काढतानाच जास्त. दर सहा महिन्यांनी हातांनी करून दाखवायला लावा. आणि ज्यांनी सहकारी गमावले त्यांच्याशी नीट बोलणारं कोणीतरी नेमा. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मालव्याचे_अण्णा
सिस्टर, शंभर टक्के बरोबर. तापाचा मुद्दाही मान्य, ठराविक मोबदला वाढवा. पण कायम नोकरीला माझा विरोधच. करार करा, दरवर्षी कामाची परीक्षा घ्या.

रामबागची_लेक
परीक्षा घ्या, जरूर घ्या. करार नको. कोविडमध्ये अनेक राज्यांनी कंत्राटी माणसं घेतली आणि लाट ओसरल्यावर घरी पाठवली. शिकलेलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा कोणाकडून गिरवून घ्यायचा?