विषय: काकांची स्मरणसभा आणि जमलेली वर्गणी (तातडीचे)

प्रेषक: सचिव
स. न. वि. वि. शनिवारच्या सभेसाठी शाळेचे सभागृह मिळाले आहे, मात्र दोन गोष्टी अडल्या आहेत. भाषणे आणि भजन नको, तासभर सामूहिक साधना व्हावी, असे घरच्यांनी कळवले आहे. शिवाय जमलेली वर्गणी काकांच्या नावे शेलबर्न फॉल्सच्या धम्मधरा या विपश्यना ध्यानाच्या केंद्राला द्यायचे ठरले होते. पण दहा दिवसांचे किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच तिथे दान स्वीकारले जाते, त्यामुळे मंडळाचा धनादेश चालणार नाही. बुधवारपर्यंत मते कळवावीत.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
आपल्यातील ज्यांनी शिबिर केले आहे, त्यांच्यापैकी एकाच्या नावाने सगळी रक्कम द्यावी. गणेशोत्सवाच्या देणग्यांच्या वेळी आपण असा मार्ग काढला होता. हिशेब मी ठेवीन.

प्रेषक: सभासद, पश्चिम विभाग
कृपया असे करू नये. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका गुरुजींनी 1969 साली ब्रह्मदेशातून येऊन मुंबईत पहिले शिबिर घेतले. ही विद्या विकायची नाही, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला. ज्याला स्वतःला लाभ झाला त्याने पुढच्या साधकाच्या जेवणाखाणाचा भार उचलायचा, या भावनेवर शिबिरे चालतात. धम्मधराच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला काका वर्षानुवर्षे जात, ते याच भावनेने. दुसऱ्याच्या नावाआड दिलेले दान त्यांना पटले नसते.

साधनेबाबतही एक अडचण आहे. तासाभराची विपश्यनेची बैठक जुन्या साधकांसाठी, म्हणजे दहा दिवसांचे शिबिर केलेल्यांसाठी असते. बाकीच्यांना काहीच न सांगता तासभर बसवणे बरे नाही. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास जाणणे, म्हणजे आनापान, सर्वांना करता येते. मुंबईतील गोराईच्या विपश्यना पॅगोडात पाहुण्यांनाही त्याची थोडक्यात ओळख करून देतात. म्हणून सुरुवातीला सर्वांसाठी आनापान ठेवावे आणि नंतर जुन्या साधकांनी शेजारच्या खोलीत बसावे.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
मंडळाची कोणतीही सभा पसायदानाशिवाय संपलेली नाही आणि काका त्यासाठी हात जोडून उभे राहत, हे सर्वांनी पाहिले आहे. गुरुजी स्वतः दोहे गात असत, मग गाण्याला हरकत का असावी? कार्यक्रमाचा क्रम ठरवताना समितीला विचारले जावे, ही विनंती.

प्रेषक: सभासद, मूळ नागपूर
गाण्यापुरते बोलायचे तर आमच्याकडे पुण्यानुमोदन, म्हणजे दिवंगतांच्या स्मरणाचा विधी, मौनात होत नाही. त्रिशरण, पंचशील आणि बुद्ध वंदना सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. माझ्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमवेत धम्म स्वीकारला. काका इगतपुरीच्या धम्मगिरीवर साधना शिकले, त्यांचे घराणे निराळे. तरी आमच्या आंबेडकर जयंतीला ते दरवर्षी येत आणि पंचशील शेवटच्या शब्दापर्यंत आमच्याबरोबर म्हणत. मंडळातल्या फार थोड्या घरांशी आमचे असे नाते जुळले, म्हणून शनिवारी पंचशील व्हावे असे मला मनापासून वाटते.

सप्टेंबर 2013 मध्ये गुरुजी गेल्याचे कळले, तेव्हा आम्ही काही जण काकांच्या तळघरात जमलो होतो. काकांनी गुरुजींविषयी एक शब्दही काढला नाही. तासभर बसलो, मंगल मैत्री (साधनेच्या शेवटी सर्वांच्या भल्याची कामना) झाली, चहा झाला आणि निघताना ते एवढेच म्हणाले, “उद्या सकाळची बैठक चुकवू नका.”

प्रेषक: काकांची कन्या
सर्वांना नमस्कार. आरंभी पंचशील, मग सर्वांसाठी आनापान आणि मंगल मैत्री, हा क्रम आईला मान्य आहे. पसायदान बाबांना प्रिय होते, ते चहापानाआधी जरूर म्हणावे. फक्त मंगल मैत्री संपताच सुरू करू नये, मध्ये थोडी शांतता असू द्यावी. वर्गणी ज्याची त्याला परत करावी. बाबांसाठी काही करायचेच असेल तर ज्यांना जमेल त्यांनी एकदा शिबिराला बसावे.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
ताईंचा शब्द प्रमाण. धनादेश परत पाठवायला सुरुवात करतो. ज्यांनी रोख दिले त्यांनी सभेच्या दिवशी मला भेटावे.

प्रेषक: सचिव
सभागृहात सतरंज्या नाहीत, त्यामुळे आसने घरून आणावीत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी खुर्च्या मागच्या रांगेत असतील. शेजारच्या खोलीची किल्ली मागितली आहे, उत्तर आले की कळवते.