जेलमावर पसरणाऱ्या पेशी जेलमाच्या आत गोल का राहतात?

तंतुपेशी विचारतात:
एनआयएच ३टी३ फायब्रोब्लास्ट (उंदराच्या तंतुपेशी), १०% जेलमा (मेथॅक्रिलेट गट जोडलेलं, प्रकाशाने घट्ट होणारं जिलेटिन; मेथॅक्रिलेशन, म्हणजे या जोडणीचं प्रमाण, सुमारे ८०%), एलएपी (प्रकाश पडताच जोडणी सुरू करणारं रसायन) ०.२५%. प्रकाश ४०५ नॅनोमीटर, १० मिलीवॉट प्रति चौ. सेंमी, ६० सेकंद. चकतीची जाडी १ मिमी. वर टाकलेल्या पेशी दुसऱ्याच दिवशी छान पसरतात. आत मिसळलेल्या (मिलीलिटरला १० लाख) सातव्या दिवशीही गोल आहेत. कॅल्सीनने (जिवंत पेशींत चमकणारा रंग) हिरव्या दिसतात, म्हणजे जिवंत आहेत. कडक जेलवर पेशी जास्त पसरतात ना? मग आत उलटं कसं?

जाळीदार:
तो नियम सपाट पृष्ठभागाचा. तिथे पेशीला पसरायला वरची जागा मोकळी असते, तिने फक्त जेलला धरून ओढायचं. आत ती चहूबाजूंनी कोंडलेली असते. पेशी १०-२० मायक्रॉनची, जाळीची भोकं मात्र नॅनोमीटरमध्ये मोजायची. हात-पाय पसरायचे तर आधी एमएमपी (पेशींभोवतालची प्रथिनं कापणाऱ्या) विकरांनी जाळी कापावी लागते. जेलमात आरजीडी (पेशी जिथे चिकटते तो प्रथिनाचा छोटा तुकडा) आणि एमएमपीची कापायची ठिकाणं दोन्ही असतात, त्यामुळे चिकटण्याची अडचण नाही. १०% आणि ८०% मेथॅक्रिलेशन म्हणजे साखळ्या जोडणाऱ्या गाठी इतक्या दाट की कापून होईतो आठवडा जातो. ५% जेलमा घ्या, मेथॅक्रिलेशन ५०-६०% असलेलं, आणि प्रकाश ६० ऐवजी २०-३० सेकंद.

पेशींचं द्रावण मिसळताना जेलमा पातळ होतं हे विसरू नका. समसमान मिसळणार असाल तर मूळ द्रावण १०% हवं, तेव्हा शेवटी ५% मिळेल.

मापनवेडा:
आधी जेल मोजा. तेही बनवल्याबरोबर नाही. पीबीएसमध्ये (पेशींना सोसणारं खारं द्रावण) ३७ अंशांवर २४ तास फुगल्यानंतर, कारण पेशींना तेच जेल भेटतं. ऱ्हिओमीटरचा जी-प्राइम (जेल पिळून मोजलेला कडकपणा) आणि दाबचाचणीचा यंग गुणांक (दाबून मोजलेला) एकाच तक्त्यात घालू नका; अशा जेलसाठी दुसरा पहिल्याच्या साधारण तिप्पट येतो.

एकाच कृतीने केलेल्या जेलच्या दोन खेपा वेगळ्या निघण्याचं नेहमीचं कारण तापमान. प्रकाश देण्याआधी मिश्रण थंड झालं तर जिलेटिनच्या साखळ्या तिपेडी वळतात, त्याच अवस्थेत पक्क्या होतात आणि जेल जास्त कडक होतं. उलट ३७ अंशांवर फार वेळ ठेवलं तर पेशी तळाला बसतात. म्हणून मिसळल्यावर लगेच साच्यात, लगेच प्रकाशाखाली, वेळ घड्याळ लावून.

तंतुपेशी:
५% केलं तर कडकपणाही उतरेल आणि जाळीही विरळ होईल. फरक कशामुळे पडला ते कसं ठरवायचं?

जाळीदार:
नेमका प्रश्न. नुसतं प्रमाण बदलून ते सुटत नाही. ५% जेलमध्येच एका गटाला जीएम ६००१ हा एमएमपी-रोधक द्या, दुसऱ्याला तेवढंच डीएमएसओ (रोधक ज्यात विरघळवतात ते नुसतं द्रावक). रोधक असताना पेशी गोल आणि नसताना पसरट दिसल्या, तर मऊपणा पुरेसा नव्हता, जाळी कापणंच लागत होतं.

दुसरी वाट आरजीडी जोडलेल्या अल्जिनेटची (समुद्री शेवाळातली शर्करा-साखळी, कॅल्शियमने घट्ट होणारी). आपल्या पेशींकडे अल्जिनेट कापणारं विकर नाही. कॅल्शियमच्या गाठी मात्र ताणाखाली सुटून पुन्हा बसतात. कमी रेणूभाराचं अल्जिनेट लवकर सैलावतं, म्हणून सुरुवातीचा कडकपणा सारखा ठेवूनही त्यात पेशी पसरतात. फक्त कॅल्शियमचं प्रमाण प्रत्येक रेणूभारासाठी नव्याने जुळवून घ्या. तेच ठेवलं तर कडकपणाही बदलेल.

मापनवेडा:
आणि फॅलॉइडिन (पेशीचा आकार दाखवायला तिच्या अ‍ॅक्टिन तंतूंना लावायचा रंग) जाड चकतीत आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. ट्रायटन (पेशींच्या पटलाला भोकं पाडणारं साबणासारखं द्रव्य) निदान अर्धा तास, रंग रात्रभर ४ अंशांवर. नाहीतर कडेच्याच पेशी दिसतील, आणि कडेच्या पेशी बहुधा जास्त पसरलेल्या असतात.