ग्राउलर, पोर्की आणि विगनचे ‘पाय-ईटर’

प्रश्न : मुलगी शिकायला लीड्सला आहे. तिकडे पोर्क पायला, म्हणजे पिठाच्या पारीत डुकराचं मांस भरून भाजलेल्या पदार्थाला, ‘ग्राउलर’ म्हणतात, असं ती सांगते. कोशात त्या शब्दाचा अर्थ ‘गुरगुरणारा’ असा मिळाला. शिवाय ‘पोर्की’ म्हणजे थाप, हेही वाचनात आलं. यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

उत्तर : ताई, पदार्थ एकच, पण शब्दांची कुळं वेगळी.

‘ग्राउलर’ लीड्सच्या यॉर्कशर परगण्यातला आणि शेजारच्या लँकेशरमधला. डुकराची चरबी गरम पाण्यात वितळवून त्यात पीठ मळायचं, त्या जाड पारीत मीठ-मिरी लावलेलं मांस भरायचं आणि भाजायचं. मग वरच्या भोकातून हाडांचा रस ओतायचा. गार झाल्यावर तो बकऱ्याच्या खुरांच्या रश्शासारखा थिजतो. यॉर्कशरमध्ये साच्याशिवाय उभ्या राहणाऱ्या मोठ्या पायला ‘स्टँड पाय’ म्हणतात. त्या नावाबद्दल कुणाचं भांडण नाही.

भांडण आहे ते ग्राउलरवरून. भुकेनं पोट गुरगुरतं म्हणून हे नाव, असं काही जण सांगतात. बाकीचे म्हणतात, खाल्ल्यावर पोट गुरगुरतं म्हणून! तिसरा पक्ष ते सैनिकांच्या कँटीनमधून आल्याचं मानतो. मला तिसरं म्हणणं अपुरं वाटतं. शब्द कुठून पसरला हे त्यातून कळेल, पण तोच शब्द का, हे कळत नाही. इंग्रजीत ग्राउलर हे नाव बहुतेक आवाजावरून पडतं. व्हिक्टोरियन लंडनमधली चारचाकी घोडागाडी दगडी रस्त्यावर खडखडायची, ती ग्राउलर. समुद्रातला हिमनगाचा लहान तुकडा, तोही ग्राउलर. पाय काही आवाज करत नाही, तेव्हा आवाज पोटाचाच असावा. आधीचा की नंतरचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पुरवणी : ‘पोर्की’ लंडनच्या कॉकनी बोलीतला आहे. तिथे मूळ शब्दाच्या जागी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी वापरतात. ‘लाइज’शी ‘पाइज’ जुळतं, म्हणून थापा म्हणजे ‘पोर्क पाइज’. पुढे यमकाचा शब्दच गळतो आणि ‘पोर्कीज’ उरतं. यमकच नाहीसं झाल्यावर नवख्याला अर्थ कळणार कसा? डुक्कर अप्रामाणिक म्हणून हा शब्द आला, ही समजूत त्यातूनच निघते. ती चूक आहे.

आपल्याकडेही जवळची गोष्ट घडली आहे. ‘लोणकढी थाप’मधली थाप गळाली आणि नुसतं ‘लोणकढी ठोकून दिली’ म्हटलं तरी पुरतं. लोणी कढवून केलेल्या ताज्या तुपाचं विशेषण एकटंच थापेचा अर्थ वाहतं. फरक इतकाच की आपल्याकडे यमक नाही.

प्रश्न : आणि इंग्लंडमधल्या विगन गावच्या लोकांना ‘पाय-ईटर’, म्हणजे पाय खाणारे, का म्हणतात? ते कौतुक की टोमणा?

उत्तर : सांगणारा कोण, यावर ते अवलंबून. शेजारच्या गावांत सांगितली जाणारी गोष्ट अशी : 1926 च्या संपात विगनचे खाणकामगार इतरांआधी कामावर परतले, म्हणजे त्यांनी ‘हंबल पाय’ खाल्ला. इंग्रजीत नमतं घेण्याला असं म्हणतात. त्या वाक्प्रचारातला ‘हंबल’ मुळात ‘अंबल्स’, म्हणजे हरणाचं काळीज-आतडी वगैरे. विगनकर मात्र सरळ सांगतात की आम्हाला पाय आवडतो. तिथे 1992 पासून पाय खाण्याची स्पर्धा भरते, आणि पावात अख्खा पाय घालून त्याला ‘विगन कबाब’ म्हणतात. संपाची गोष्ट मला फार बेतलेली वाटते. शेजाऱ्यांना चिडवायला अशा गोष्टी मागाहून जुळवल्या जातात. शिवाय विगनचा लाडका पाय बहुधा मांस-बटाट्याचा, पोर्कचा नव्हे.

मुलीला एवढं जरूर सांगा : लीड्सच्या दुकानात ‘ग्राउलर’ बिनधास्त मागावा. यॉर्कशर-लँकेशरबाहेर मात्र हाच शब्द अश्लील अर्थानंही वापरतात, तिथे ‘पोर्क पाय’च म्हणावं.