मदत हवी आहे: बाबांचं लिव्हिंग विल, पण दुय्यम मंडळ नाही

बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, शुद्ध नाही. दोन साक्षीदार, नोटरी, सगळं करून त्यांनी लिव्हिंग विल (शुद्ध नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र) केलंय. 'मला नळ्या लावून ठेवू नका' असं स्वच्छ लिहिलंय. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे उपचार थांबवायचे तर हॉस्पिटलच्या दोन वैद्यकीय मंडळांची, म्हणजे डॉक्टरांच्या गटांची, संमती लागते: आधी प्राथमिक, मग दुय्यम. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर हवा. इथंच घोडं अडलंय. हॉस्पिटल म्हणतं, आम्ही असं कधी केलेलं नाही. आई दिवसभर आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ती फाइल मांडीवर घेऊन बसते, बघवत नाही. हा डॉक्टर नेमा, असं पत्र सिव्हिल सर्जनकडे हॉस्पिटलनेच द्यायचं की आम्ही? नाशिकमध्ये कोणी हे केलंय का?

आणखी एक. देहदानाचा फॉर्मही भरलाय, पण काका अग्नीच द्यायचा म्हणतात. निदान नेत्रदान तरी व्हावं, ते सहा तासांत करावं लागतं. काकांशी आत्ताच कसं बोलू?