अंध विद्यार्थ्यांची पदवी परीक्षा: लेखनिक की संगणक? (तिघांची चर्चा)

कळफलक
केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ब्रेल, संगणक, मोठी छपाई किंवा ध्वनिमुद्रण यांतला पर्याय शक्यतो परीक्षार्थीला निवडू द्यावा. महाविद्यालयं मात्र सरसकट लेखनिकाचाच अर्ज पुढे करतात. माझं स्पष्ट मत: तिसऱ्या सत्रापासून संगणक हाच मुख्य मार्ग हवा, लेखनिक मागितला तरच. त्या सूचनांनुसार स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं लागतं. त्याला 'सीमान्त उपयोगिता'सारखे अर्थशास्त्रातले शब्द अक्षर-अक्षर सांगत बसायचं, आणि तो काय लिहितोय याची खात्री शेवटपर्यंत नाही. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, त्यातला ईस्पीक हा संगणकी आवाज मराठी वाचतो.

रविवारचा लेखनिक
साफ असहमत. आधी हिशेब करा. ३ तासांचा पेपर, तासामागे २० मिनिटं जादा, म्हणजे ४ तास, २४० मिनिटं. ४५० शब्दांची पाच उत्तरं धरली तर २२५० शब्द. मिनिटाला १० शब्दांचा वेग असलेल्याला नुसतं टंकायलाच २२५ मिनिटं लागतात. प्रश्न ऐकायचे कधी, विचार कधी करायचा? ब्रेलवर वाढलेली कितीतरी मुलं मराठी कळफलकाला पहिल्यांदा हात लावतात ते महाविद्यालयात. शिवाय 'पाणि' आणि 'पाणी' ईस्पीकच्या आवाजात कानाला सारखेच लागतात. शुद्धलेखनाचे गुण कुणाचे जाणार?

कळफलक
१० चा वेग सरावाअभावी राहतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना जागा दाखवतात. एफवर ऱ्हस्व वेलांटी, तिच्या वरच आरवर दीर्घ. एनव्हीडीए कळ धरून २ दाबलं की टंकलेलं प्रत्येक अक्षर बोललं जातं, आणि शंका आली तर बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर मागे जाता येतं. ऱ्हस्व-दीर्घ तिथेच पकडता येतं. लेखनिकाने 'पाणि' लिहिलं तर ते परीक्षार्थीला कळणारच नाही.

परीक्षा कक्ष
तुम्ही दोघंही उत्तरपत्रिकेवर भांडताय, अडतं प्रश्नपत्रिकेवर. बऱ्याच मराठी प्रश्नपत्रिका अजूनही जुन्या फॉन्टमध्ये जुळवल्या जातात, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या. कृतिदेव या अशाच फॉन्टमध्ये 'मराठी' दिसतं, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी ई, जे, के, बी, एच. वाचक सॉफ्टवेअर तेच बडबडतं. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढलं तर रफार आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊ शकतात, आणि गोपनीयतेमुळे तपासायला बाहेरचा माणूस चालत नाही. म्हणून प्रश्न काढणाऱ्यानेच युनिकोडमध्ये द्यायला हवेत. पीडीएफही नको, त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी सरकू शकते. वर्ड फाइल, प्रश्नांना शीर्षक शैली, म्हणजे एका प्रश्नावरून दुसऱ्यावर थेट जाता येतं.
यंत्राचंही तसंच. सूचनांनुसार स्वतःचा लॅपटॉप चालत नाही, पण एक दिवस आधी यंत्र तपासू द्यायचं असतं. तेव्हाच वाचनाचा वेग, इनस्क्रिप्ट आणि हेडफोन पाहून घ्यावेत. इंटरनेट आणि आपोआप दुरुस्ती बंद, दर काही मिनिटांनी जतन, बॅटरी बॅकअप. शेवटी छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर परीक्षार्थी आणि पर्यवेक्षक दोघांची सही.

रविवारचा लेखनिक
म्हणजे प्रश्नपत्रिका सुधारेपर्यंत ती वाचायला माणूस लागणारच! आणि भूगोलाचे नकाशे, सांख्यिकीचे आलेख? हात न चालणाऱ्यांचं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्यालाही, गरज असेल तर, लेखनिक मान्य केला. तो लढा लेखक-पेटक्याच्या, म्हणजे लिहिताना हात आखडण्याच्या आजाराच्या रुग्णाचा होता. लहान महाविद्यालयात 'मुख्य मार्ग' म्हणजे उद्या सक्तीच होईल. माझा विरोध यालाच आहे.

कळफलक
सक्ती मलाही नको, पण 'माणूसच लागतो' म्हणून संगणक टाळणंही चालणार नाही. सूचनांत लेखनिक, वाचक आणि प्रयोगशाळा सहायक अशा वेगळ्या भूमिका आहेत. वाचकाने प्रश्न आणि आलेख वाचावा, विद्यार्थ्याने स्वतः टंकावं.

परीक्षा कक्ष
त्याला स्वतंत्र खोली आणि एक जादा पर्यवेक्षक लागतो, कारण वाचन मोठ्याने होतं. म्हणून पर्याय परीक्षा अर्जातच विचारा. ऐन पेपराच्या आठवड्यात खोलीही मिळत नाही, यंत्रही नाही.